डोंगरातल्या बकऱ्या आणि लंबूचा प्रश्न

प्रिय बंड्या,

किती महिने लिहिलं नाही ते मोजत बसू नकोस, तूही काही लिहिलेलं नाहीस. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे आहेत तसेच. लंबूचा धाकटा मुलगा गेला हे तुला ग्रुपवर कळलंच असेल. पण नंतर त्याच्या घरी प्रार्थनेला जे झालं ते ग्रुपवर कोणी लिहिणार नाही, आणि मला ते तुलाच सांगायचंय, कारण बाकी कोणाला सांगितलं तर एकतर उपदेश मिळेल नाहीतर माझ्यासाठी प्रार्थना सुरू होईल.

एक वडीलधारे बोलायला उभे राहिले (नाव लिहीत नाही, तू ओळखशील, तोच खर्जातला आवाज). सुरुवात चांगली होती. माणसाची बुद्धी तोकडी, देवाचे विचार आपल्या विचारांहून उंच, बायबलातल्या यशयाचा 55वा अध्याय वगैरे. मीही मान डोलावली. आणि मग तेच गृहस्थ देवाने हे नेमकं का केलं ते समजावायला लागले. आईबापांची श्रद्धा पारखायची होती, या घराला जागं करायचं होतं, पोराला पुढच्या मोहांपासून वाचवलं. म्हणजे बुद्धी तोकडी ती ऐकणाऱ्यांची, बोलणाऱ्याला वरच्या मीटिंगचे मिनिट्स मिळालेले!

लंबू तिथे गप्प होता. सगळे गेल्यावर मला म्हणाला, तू एवढं वाचतोस, हे का झालं ते शास्त्रात, आपल्या बायबलात, कुठं लिहिलंय दाखव. मी म्हटलं, नाही लिहिलेलं. तर म्हणाला, मग ते पुस्तक आहे कशाला?

त्याच्यावर काय बोलणार. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

आणि साहजिकच आपलं ते ईयोबावरचं भांडण आठवलं, बायबलातला तो भला माणूस, ज्याची मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत सगळं जातं आणि तो देवाला का म्हणून विचारतो. शेवटी देव वादळातून बोलतो आणि उत्तर द्यायच्या ऐवजी उलट प्रश्नच विचारत सुटतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, हिमाची कोठारं पाहिलीस का, डोंगरातल्या बकऱ्या कधी वितात ते तुला माहीत आहे का. आणि तू टेबलावर हात आपटून म्हणाला होतास, आहे की माहीत, पाच-साडेपाच महिने, पुढचा प्रश्न! लेका, मी तेव्हा चिडलो होतो पण खरं सांगतो, तेवढं हसू मला कुठल्या उपदेशात आलेलं नाही. तुझं म्हणणं असं होतं की अज्ञानाची सीमा सरकत असते आणि तुम्ही लोक तिच्यावर देवाची पाटी रोवता, मग विज्ञान आलं की पाटी उपटून चार पावलं मागे. मी त्यावर तो गणितज्ञ गोडेल काढला. 1931, अपूर्णतेचे सिद्धांत, काही खऱ्या गोष्टी पद्धतीच्या आत सिद्धच करता येत नाहीत, म्हणजे बुद्धीची मर्यादा गणितानेच सिद्ध! तू शांतपणे म्हणालास की ते अंकगणित मांडू शकणाऱ्या, ठरलेल्या नियमांनी चालणाऱ्या आकारिक पद्धतींबद्दल आहे, माझ्या देवाबद्दल नाही. बरोबर होतं तुझं, फक्त गोडेलने स्वतः देवाच्या अस्तित्वाची तर्कशास्त्रीय सिद्धता लिहून ठेवली होती हे कळल्यावर तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पण पाटी मागे नेण्याबद्दल मला अजूनही वाटतं की तू थोडा अन्याय करतोस. गॅलिलिओने 1615 च्या पत्रात, शास्त्राचा हेतू खगोलशास्त्र शिकवण्याचा नाही असं लिहिलं, ते तू पळवाट म्हणायचास. अरे पण त्यात तो ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताचा आधार घेतो, आणि तो बाबा पाचव्या शतकातला. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना ऑगस्टिन सरळ सांगतो की आकाश-ताऱ्यांबद्दल ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावावर काहीतरी बरळू नये, कारण ज्यांना ते विषय माहीत आहेत ते हसतात आणि मग बाकीच्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसत नाही. तेव्हा त्याच्यामागे कुठली दुर्बीण लागली होती?

तर, लंबूच्या पोराच्या बाबतीत सीमा बिमा काही नव्हतीच रे. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. इन्फेक्शन कुठून सुरू झालं, रक्तात कसं पसरलं, आधी किडनी मग बाकीचं, रिपोर्टसकट. लंबूला ते सगळं पाठ आहे, एखाद्या रेसिडेंट डॉक्टरसारखं सांगतो. माहितीत कुठे भोक नाही, तरी तो का म्हणून विचारतोय. तू म्हणशील हा प्रश्नच नाही, विचारणार कोणाला, वर कोणी नाही. असेल. पण तो कोणावर तरी चिडलाय बंड्या, आणि रिकाम्या खुर्चीवर माणूस इतका चिडत नाही.

परत ईयोब काढला. एक गोष्ट इतक्या वेळा वाचून लक्षात आली नव्हती. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात सैतानाबरोबर काय ठरतं ते वाचणाऱ्याला माहीत असतं, पण ईयोबाला ते शेवटपर्यंत कोणीच सांगत नाही. मुलंबाळं, गुरंढोरं परत मिळतात, कारण मिळत नाही. (आणि नवी मुलं मिळाली म्हणून आधीची भरून निघाली, हे मला कधीच पटलेलं नाही, ते लंबूसमोर कोणी काढू नये म्हणजे झालं.) आणि देव रागावतो कोणावर, तर देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या तीन मित्रांवर, अलीफज, बिल्दद, सोफर. 42वा अध्याय बघ. ज्याने आरडाओरडा केला, देवाला जाब विचारला, तो बरोबर बोलला म्हणे, आणि ज्यांनी सगळं व्यवस्थित समजावलं ते चुकले. त्या तिघांचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे सुरुवातीचे सात दिवस, जेव्हा ते नुसते जमिनीवर त्याच्याजवळ बसले होते.

म्हणजे आमचेच लोक शास्त्र पूर्ण वाचत नाहीत असं मला वाटायला लागलंय. मार्कच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात, येशू स्वतः म्हणतो की तो शेवटचा दिवस कधी ते पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, माहीत नाही. पुत्रालाही! मत्तयाच्या शुभवर्तमानातही ते आहे, पण त्याच्या नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत ते शब्द गायब आहेत, बहुतेक नकलणाऱ्यांना झेपले नसावेत. आणि एवढं लिहिलेलं असून तो अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर दानीएलाच्या पुस्तकातले 2300 दिवस मोजत बसला, येशू परत येण्याची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली, हजारो लोक वाट बघत बसले, दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. प्रार्थनेच्या दिवशीचे ते गृहस्थ मला त्याच घराण्यातले वाटतात, फक्त तारखेऐवजी कारण सांगतात. आणि शास्त्र वाचणारी बुद्धी ती पण तोकडीच ना, मग मर्यादा विज्ञानाला लागू आणि आमच्या अर्थ लावण्याला नाही, हे कसं चालेल?

पण मग लंबूचा प्रश्न राहतोच, पुस्तक कशाला. मला जे सुचलंय ते कच्चं आहे. 88वं स्तोत्र आहे, बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, थेट अंधारात संपतं. कोणीतरी ते काढून टाकू शकलं असतं, नाही काढलं. ज्याला काही कळलेलं नाही अशा माणसाचं बोलणंही देवाशी बोलणं म्हणून आत ठेवलंय, आणि माझा विश्वास आहे तो एवढ्यावरच आहे असं हल्ली वाटतं, उत्तरं मिळतात यावर नाही. ही पण पळवाटच आहे का ते तू सांग, तू लाज राखणार नाहीस म्हणून तर विचारतोय.

तुझ्या प्रमोशनबद्दल अभिनंदन राहिलंच. पोरीला कॉलेज मिळालं का? वहिनींना नमस्कार सांग, मागच्या वेळचं त्यांनी मनावर घेतलं नसेल अशी आशा.

आणि एक काम कर. लंबूला फोन कर. माझा उचलत नाही, चर्चमधल्या कोणाचाच उचलत नाही. तुझा उचलेल कारण तू देवाचं नाव काढणार नाहीस हे त्याला माहीत आहे. रात्री दहानंतर कर, तेव्हा तो एकटा असतो, आणि काही विचारू नकोस, त्या वर्षीच्या क्रिकेट फायनलवरून भांडण काढलंस तरी चालेल, त्यात अजूनही चूक तुझीच होती.

तुझाच,
मास्तर