यादी पाठ करू नकोस

नेरुळ, रविवार

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेली इंग्रजी वाक्प्रचारांची यादी बघितली. रोज दहा पाठ करणार म्हणतेस. करू नकोस. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे बंगळुरूच्या ऑफिसात कुणाला ऐकवणार आहेस? असलं काही कानावर पडलं तर कळावं, एवढं पुरे. मुद्दाम वापरायला गेलं की उसनी पैठणी नेसल्यासारखं दिसतं.

तुझं अडतंय ते दुसरीकडेच. परवा म्हणालीस ना, शब्द सगळे ओळखीचे असतात तरी वाक्य डोक्यावरून जातं? ते 'पुट', 'गेट', 'लुक', 'कॉल' या मंडळींचे प्रताप. शाळेत आपल्याला 'पोस्टपोन', 'इन्व्हेस्टिगेट', 'टॉलरेट' असे भारदस्त शब्द शिकवले. बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं 'पुट ऑफ', 'लुक इनटू', 'पुट अप विथ' म्हणून मोकळी होतात. दचकू नकोस. 'बोलून टाकलं', 'बोलून दाखवलं', 'बोलून बसले' यातला फरक तुला कुणी शिकवला होता का?

आमच्या बेलापूरच्या ऑफिसात न्हावा-शेवा बंदरातल्या कंटेनरचं काम चालतं, ते तुला ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात शिपिंग लाइनची मेल आली, 'युअर कंटेनर हॅज बीन रोल्ड ओव्हर'. नवीन लागलेला मुलगा धावत आला, "मॅडम, कंटेनर उलटला! विमा काढलाय ना?" उलटलाबिलटला काही नव्हता. जहाजावर जागा उरली नाही म्हणून पुढच्या जहाजावर ढकलला, इतकंच. पण पठ्ठ्याने तोवर पार्टीला फोन लावलासुद्धा होता! ते निस्तरण्यात माझी दुपार गेली. आता जन्मात विसरायचा नाही तो.

म्हणून ऐकलेलं वाक्य आख्खं लिहून ठेव, कोण कशाबद्दल बोललं त्यासकट. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकललं, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच. गल्लत केलीस तर न होणाऱ्या मीटिंगची तयारी करत बसशील. 'इट' कुठे येतं तेही बघ. 'कॉल इट ऑफ' म्हणतात, 'कॉल ऑफ इट' कधीच नाही. पण 'लुक इनटू इट' मात्र बरोबर. चांगल्या डिक्शनरीत 'कॉल समथिंग ऑफ' असं 'समथिंग' मध्ये घातलेलं असतं. तसं दिसलं की समजायचं, ही जोडी फुटते.

आणि हो, अमेरिकेतल्या क्लायंटला 'आय पास्ड आऊट इन जून' सांगू नकोस. आपल्याकडे कॉलेज संपलं, त्यांच्याकडे चक्कर येऊन पडली. सरळ 'ग्रॅज्युएटेड' म्हण.

शनिवारी फोन करशील तेव्हा आठवड्यात न कळलेलं एक वाक्य सांग. नुसता शब्द नको, आख्खं वाक्य. आणि बाबांना आधी फोन लावू नकोस, ते क्रिकेटवर घसरले की माझा नंबर लागत नाही.

तुझी,
आई