पावसाळापूर्व छाटणीला नुसती परवानगी नको, कामाचे नियम हवेत

महोदय,

मे महिना सरत आला की कोकणातल्या शहरांत पावसाळापूर्व छाटणीची घाई सुरू होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आणि पुढच्याच मे महिन्यात आलेल्या तौक्तेने लोकांच्या मनात झाडांची धास्ती बसली, ती खोटी नाही. पण त्या धास्तीपोटी झाडांचे शेंडे सरसकट उडवले जातात, आणि त्यामुळे झाड सुरक्षित होण्याऐवजी काही वर्षांत जास्त धोकादायक होते.

शेंडा उडवलेल्या झाडाचे पुढे काय होते ते सांगतो. जाड फांदी मध्येच कापली की कापाच्या कडेने धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. हे धुमारे वेगाने वाढतात, पण त्यांची पकड फक्त वरच्या थरात असते. खाली कापाचे तोंड उघडेच राहते, त्यात पाणी मुरते, बुरशी शिरते आणि फांदी आतून कुजते. तीन-चार पावसाळ्यांत कुजक्या लाकडावर जड, हिरवेगार धुमारे उभे राहतात आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यात तेच मोडतात. विजेच्या तारांसाठी झाड एकाच बाजूने सोलले तर तोल दुसऱ्या बाजूला जातो, तो धोका वेगळाच.

योग्य छाटणीत तीन काप असतात. खोडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर पहिला काप खालून, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश. त्याच्या थोडे बाहेर दुसरा काप वरून. फांदी इथे सुटून पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, पण खोडाला घासून नाही. फांदीच्या बुडाशी सुरकुतलेले फुगीर कडे असते, त्याच्या लगेच बाहेर. जखम भरणारी साल या कड्यातूनच येते, म्हणून ते कापले गेले तर जखम भरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो कुजून कूज खोडात उतरते. वरून एकाच दमात कापले तर फांदी आपल्या वजनाने खोडाची साल हातभर फाडत खाली येते. रस्त्याकडेच्या कितीतरी वड-पिंपळांच्या बुंध्यावर असे उभे ओरखडे दिसतात. त्यावर डांबर किंवा ऑइल पेंट फासून काही साधत नाही, उलट ओल आत कोंडते. (आंबा बागायतदार खोडाला लावतात ते बोर्डो मलम, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी, ही बागेतली प्रतिबंधक निगा आहे, चुकीच्या कापावरचा तो इलाज नव्हे.)

कायदा याबाबत मुका नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड तोडणे याच्या व्याख्येत जाळणे, कापणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. म्हणजे परवानगी छाटणीची आणि काम शेंडा उडवण्याचे असेल तर वृक्ष अधिकाऱ्याला कारवाईचा आधार आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावून ती सात वर्षे जगवावी लागतात. उणीव आहे ती कामाच्या दर्जात. झाड तोडायला परवानगी लागते, पण झाडावर करवत चालवणाऱ्याला कसलेही प्रमाणपत्र लागत नाही. ब्रिटनमध्ये बीएस ३९९८ आणि अमेरिकेत एएनएसआय ए३०० ही झाडांच्या छाटणीची मानके आहेत. आपल्या निविदेत मात्र ‘फांद्या छाटून जागा साफ करणे’ एवढेच लिहिलेले असते. तोडलेले लाकूड ठेकेदाराचे, असे जिथे ठरते तिथे जास्त कापण्यातच त्याचा फायदा असतो.

म्हणून नगरपरिषदांच्या वृक्ष प्राधिकरणांनी ठराव करून निविदेत पुढील अटी घालाव्यात. एका वर्षी जिवंत डोलाऱ्याच्या, म्हणजे फांद्या-पानांच्या पसाऱ्याच्या, एक चतुर्थांशाहून जास्त भाग काढू नये. १० सेंटिमीटरहून जाड फांदी कापायची तर वृक्ष अधिकाऱ्याने आधी खूण करून कारण लेखी द्यावे. पैसे कापलेल्या मालाच्या ट्रॉल्या मोजून न देता तपासलेल्या झाडागणिक द्यावेत, आणि लाकडाचा लिलाव वेगळा करावा. वर चढणाऱ्याला हेल्मेट, कमरपट्टा, दोर आणि विमा असावा. तारांजवळ वीजपुरवठा बंद असल्याचे लेखी मिळाल्याशिवाय कोयता लावू नये. घरटी आधी पाहावीत. मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी असतात, पाऊस लागला की बगळ्यांची वस्ती भरते.

नारळाचे वेगळे सांगायला हवे, कारण रिसॉर्टवाल्यांनी माडांची ‘कटिंग’ करण्याची फॅशनच आणली आहे. चांगल्या माडाला ३० ते ३५ झावळ्या असतात. महिन्याला साधारण एक नवी येते आणि प्रत्येकीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा. हिरवी झावळ कापली म्हणजे पुढचे नारळ कापले. ताज्या जखमेच्या वासाने माड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा येतो, चढायला खोडात पाडलेल्या खाचांतही तो अंडी घालतो, आणि शेंडा वाकेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. पाडेल्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्याला, एवढेच सांगा: वाळून खाली लोंबलेली झावळच काढ.

फांद्यांइतकीच मुळांची हानी होते, ती दिसत नाही म्हणून कुणी बोलत नाही. कोकणात जांभ्या दगडावर माती पातळ, त्यामुळे मुळे खोल न जाता आडवी पसरतात. गटार वा केबलसाठी चर खणताना खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतर सोडावे, हे ब्रिटिश मानक इथे वापरण्याजोगे आहे. ४० सेंटिमीटर खोडाला ४.८ मीटर होतात. अरुंद रस्त्यावर तेवढे मिळणार नाही, तिथे यंत्राऐवजी हाताने खणावे आणि जाड मुळांखालून पाइप न्यावा. बुंध्याला भिडवलेले पेव्हर ब्लॉकही काढायला हवेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. तेवढे आळे आपल्याकडेही सहज ठेवता येईल.

ग्रामपंचायत हद्दीत १९७५ चा अधिनियम लागू नाही. तिथे १९६४ चा वृक्षतोड नियमन अधिनियम आहे, आणि तो आंबा, फणस, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ अशा अनुसूचित झाडांपुरता. वड-पिंपळ त्या यादीत नाहीत. देवळापुढच्या, पाणंदीच्या अशा जुन्या झाडांसाठी ग्रामसभेने ठराव करावा.

छाटणीची निविदा बहुधा उन्हाळ्यात घाईने निघते. ती डिसेंबरात काढली तर जोखमीची झाडे पाहून, खुणा करून जानेवारी-फेब्रुवारीत काम होईल आणि पाऊस येण्याआधी जखमा सुकायला तीन महिने मिळतील.

– वृक्षनिगा क्षेत्रातील एक वाचक, रत्नागिरी