त्या पहिल्या वाक्याबद्दल

मनू बाळा,

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. आईने दोनदा सांगितलं की तुम्हीच लावा, तुमचंच चुकलंय, आणि मी दोन्ही वेळा फोन हातात घेऊन परत ठेवला. बोलायला गेलो की माझं भलतंच होतं, म्हणून लिहितोय. साडेअकरा झालेत, लाईट आत्ताच परत आली, आई झोपलीय.

आधी हे, की "कशाला पाहिजे तो फॉर्म, आहे ते काय कमी आहे का" असं मी म्हणालो ते म्हणायला नको होतं. तू किती उत्साहात तरुण शास्त्रज्ञांच्या अकादमीच्या फॉर्मसाठी लिहिलेलं ते दोन पानांचं इंग्रजी पाठवलं होतंस, अण्णा वाचा आणि खरं सांगा म्हणून. मी दोनदा वाचलं, शब्दकोश घेऊन वाचलं, पण खरं सांगू का, पहिलं वाक्य वाचलं तेव्हाच हातपाय गार पडले आणि त्या घाईत तोंडातून ते निघालं. पहिल्या वाक्याचं काय ते पुढे सांगतो. लगेच सांगवत नाही, जरा थांब.

सोमवारी दिवसभर त्या अकादमीचंच वाचत बसलो. मला वाटायचं ही पण दिल्लीतल्या मोठ्या अकादमीसारखीच, म्हणजे इन्सा, भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी, तिच्यासारखी, जिथे केस पांढरे झाल्यावर मान म्हणून घेतात. तसं नाही हे आता कळलं. इन्सा १९३५ सालची, कलकत्त्यात सुरू झालेली, आणि तिनेच डिसेंबर २०१४ मध्ये ही तरुण शास्त्रज्ञांची वेगळी अकादमी काढली. सगळ्या देशात मिळून सभासद शंभरच्या वर नाहीत, त्यात गणितवाले, डॉक्टर, इंजिनिअर, तुम्ही झाडाझुडपांवाले सगळे आले. आणि पाच वर्षं झाली की बाहेर! मला हे फार आवडलं. खुर्ची कायमची नाही, पाच वर्षं काम करायचं, शाळांत जायचं, नव्या पोरांना हात द्यायचा, तरुण शास्त्रज्ञांच्या अडचणी वरपर्यंत पोचवायच्या आणि मग पुढच्याला जागा द्यायची. ही कल्पना म्हणे पहिल्यांदा जर्मनीत २००० साली निघाली आणि २०१० मध्ये बर्लिनला सगळ्या जगाची मिळून एक झाली. तू मागे सांगितलं असशील, मी तेव्हा नीट ऐकलं नसेल.

आणि चाळिशीची अट आहे, तुला एकोणचाळीस लागलं. म्हणजे आत्ता नाही तर नाहीच. हे कळल्यावर रविवारचं माझं बोलणं मला जास्तच लागलं.

शंभरात आपली मनू. मी हे मनातल्या मनात म्हणून बघितलं. आईला पण म्हणून दाखवलं, ती म्हणाली आधी फॉर्म तर भरू द्या.

पण मनू, नाही आलं तर काय करशील? हा विषय काढणार नव्हतो, लिहायला बसतानाच ठरवलं होतं, तरी आलाच. मी फक्त एवढंच म्हणतोय की मनाची तयारी असावी. शंभर जागा म्हणजे एवढ्या मोठ्या देशात काहीच नाहीत, भले भले राहतात, त्याचा अर्थ काम वाईट असा होत नाही, आणि माणसाने आधीच ठरवून ठेवावं की नाही आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आंघोळ करायची, डबा भरायचा, लॅबला जायचं. रोजचं सोडायचं नाही. जेवण तर अजिबात सोडायचं नाही. पित्ताचा त्रास तुला आधीपासून आहे, उपाशीपोटी चहावर चहा घेतेस, सचिनराव भिडस्त, ते काही बोलत नाहीत, आणि ओमचं वय आता असं आहे की त्याला सगळं कळतं.

बघ, झालं परत लेक्चर सुरू. माफ कर.

तुला वाटेल हे म्हातारं एकच धरून बसलंय. पण दोन वर्षांपूर्वीचं माझ्या डोळ्यापुढून जात नाही. त्या प्रपोजलला नकार आला, दोन ओळींचा मेल, दोन वर्षांच्या कामाला दोन ओळी. त्यानंतर अकरा दिवस तू फोन घेतला नाहीस. मेसेज केला की "बिझी आहे" एवढंच. बाराव्या दिवशी मी कोणाला न सांगता सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसमध्ये बसलो, रिझर्वेशन नव्हतं, दौंडपर्यंत दारात उभा होतो. भोपाळला पोचलो तर तू स्वयंपाकघरात अंधारात बसलेली, गॅसवर दूध उतू जाऊन करपलेलं, आणि तू तिथेच बसून. मला बघून रडली पण नाहीस. "अण्णा, चहा टाकू?" म्हणालीस. गालफडं बसली होती तुझी. तीन दिवस राहिलो, त्यावर आपण एक शब्द बोललो नाही, मी भांडी घासली, ओमला बागेत नेलं आणि परत आलो. आईला सांगितलं सगळं छान आहे. तिला आजपर्यंत तेवढंच माहीत आहे.

म्हणून रविवारी फॉर्म म्हटल्यावर मला फॉर्म दिसलाच नाही, ते करपलेलं पातेलं दिसलं.

आता तुझ्या त्या दोन पानांबद्दल. दुसरं पान फार चांगलं जमलंय. रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, पावसाने जमिनीत ठेवलेल्या ओलीवर येते, हे तू जसं लिहिलंस तसं आपल्या माळावरच्या माणसालाच लिहिता येईल. मालदांडीचं वाचून तर मला वडिलांची आठवण आली. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेलं वाण आणि अजून लोक तेच पेरतात, भाकरीला तेच पाहिजे म्हणतात. वडील वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघायला मातीचा मुटका करून फोडायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं आणि वरून थेंब नाही पडला तरी माघापर्यंत पान हिरवं राहिलं की म्हणायचे, खाली हात लांब आहे हिचा. तू आता तेच शोधतेयस, कणीस भरेपर्यंत पान हिरवं कोणत्या वाणाचं राहतं आणि त्यात मुळांचा भाग किती, पाणी जपून वापरायचा भाग किती. ७२ च्या दुष्काळात मात्र तो हात पण पुरला नाही. मी बारा वर्षांचा, खडी फोडायला जायचो आईबरोबर, रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापायला गेलं की तुटायची, आणि माझी आई ज्वारीच्या पिठाचा रिकामा डबा उघडून नुसता वास घ्यायची. हे तुला कधी सांगितलं नव्हतं बहुतेक. कुठून कुठे गेलो बघ.

तर पहिलं वाक्य.

तू लिहिलंयस की सातवीत असताना तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक परीक्षक तुझ्या ज्वारीच्या मुळांपुढे पाच मिनिटं थांबले आणि म्हणाले, जमिनीच्या वरचं सगळेच बघतात, खालचं बघणारी ही पोरगी शास्त्रज्ञ होणार, आणि त्या दिवसापासून तू या वाटेला लागलीस. शाळांमध्ये भाषण करतेस तेव्हा पण हे सांगतेस, मी तो व्हिडिओ पाहिलाय.

मनू, असं कोणी म्हणालं नव्हतं.

९८ सालचा डिसेंबर. शाळेच्या लॅबमधल्या फुटक्या कपाटाच्या दोन काचा मी हेडसरांना विचारून आणल्या होत्या, मध्ये बोटभर जागा ठेवून कडेला लाकडी पट्ट्या ठोकल्या, शेतातली काळी माती चाळून भरली. तू म्हणालीस मुळांना उजेड नको, म्हणून आईच्या जुन्या परकराचं काळं कापड वरून शिवलं, आणि चौकट भिंतीला तिरकी टेकवली म्हणजे मूळ काचेला चिकटून खाली जाईल. हे तिरकं ठेवायचं तुला कोणी शिकवलं नव्हतं, तूच दोन दिवस उभी-आडवी करून बघून ठरवलंस. प्रदर्शनात आजूबाजूला सगळी लाईट लागणारी धरणं आणि धूर सोडणारे ज्वालामुखी. तू सकाळी आठपासून टेबलाजवळची हलली नाहीस. दुपारी मीच तुला ओढून डबा खायला पाठवलं आणि नेमके तेव्हाच परीक्षक आले, दोघं होते. मी कापड बाजूला केलं. एकाने विचारलं, यात चालतं काय? मी म्हणालो, मुळं वाढतात साहेब. "बरं" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. वहीत काही लिहिलं सुद्धा नाही. अर्धं मिनिट झालं असेल.

तू पळत आलीस, हाताला अजून भाजी लागलेली. "आले होते? काय म्हणाले?"

आणि मी ते सगळं सांगितलं. पाच मिनिटांचं, जमिनीच्या खालचं, शास्त्रज्ञ होणार. ते कुठून सुचलं असं आता विचारलंस तर, सुचलं नव्हतं, ते माझ्या मनात दहा-बारा दिवस होतंच, तुला रोज रात्री पट्टी घेऊन त्या काचेपुढे बसलेली बघत होतो ना. मी लॅब असिस्टंट, परीक्षानळ्या धुणारा माणूस, माझ्या म्हणण्याला काय वजन, परीक्षकाच्या तोंडचं असलं तर तुला खरं वाटेल असं वाटलं. बक्षीस धरणाला मिळालं, तरी तू घरापर्यंत उड्या मारत आलीस.

सत्तावीस वर्षं झाली, सांगायचं राहून गेलं असं म्हणणार नाही, मीच सांगितलं नाही. आधी तू लहान होतीस म्हणून, मग पीएचडी चालू होती म्हणून, मग तू ते लोकांना सांगायला लागलीस तेव्हा तर तोंडच उघडेना. पण आता ते अकादमीच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत जाणार आणि खाली तुझी सही. तुझ्या सहीखाली माझं खोटं नको. दुसऱ्या कुठल्या कागदावर असतं तर मी कदाचित अजून गप्प बसलो असतो.

रागव. फोनवर रागवलीस तरी चालेल, पण रागव, गप्प बसू नकोस.

तेव्हा मी मध्ये उभा राहिलो म्हणून तुला तो नकार दिसलाच नाही. दोन वर्षांपूर्वीचा मात्र थेट तुझ्या मेलवर आला, तिथे मी कुठे उभा राहणार? परवा फॉर्मच नको म्हणालो ते पण तेच होतं, फॉर्म नाही तर नकार नाही. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला, स्वतःची लॅब चालवणाऱ्या बाईला मी सातवीतल्या पोरीसारखं झाकायला बघत होतो. फॉर्म भर. वाक्य बदल आणि भर.

त्या जागी काय लिहायचं ते तुझं तू बघ, मी सुचवणार नाही. फक्त एक वस्तू आहे. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत तुझी ती वही अजून आहे, मंगळवारी काढली, कोपरे कसरीने खाल्लेत पण आतलं शाबूत आहे. प्रदर्शन बाराव्या दिवशी झालं. बक्षीस नाही, कोणी विचारत नाही, तरी तू त्यानंतर पण अकरा दिवस रोज रात्री माप घेतलंयस, एक दिवस सोडलेला नाही, ताप होता त्या दिवशीचं माप सुद्धा आहे, अक्षर वाकडं आहे फक्त. त्या अकरा दिवसांत तुझ्याशी कोणी खोटं बोललेलं नव्हतं असं म्हणता येत नाही, ते माझं खोटं डोक्यात होतंच तुझ्या. पण मापं खरी आहेत. शेवटच्या पानाचा फोटो सोबत पाठवतोय. तुला दिसणार नाही नीट म्हणून इथे पण लिहितो:

"दिवस २३. मूळ खालच्या पट्टीला टेकलं आणि डावीकडे वळलं. अण्णांकडे मोठी काच मागायची."

ती मोठी काच मी आणली नव्हती. आता तुझ्या लॅबमधल्या चौकटी माणसापेक्षा उंच आहेत.

बाकी घरी ठीक. काकूचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं, बापूमामा थांबणार आहेत. शेंगाचटणीचा डबा भरून ठेवलाय, कोणी तिकडे येणारं मिळालं की देतो. ओमला म्हणावं आजोबांनी भवरा शोधून ठेवलाय.

तुझे,
अण्णा

ता. क. निकाल कोणत्या महिन्यात लागतो तेवढं कळव. त्यावर मी काही बोलणार नाही, विचारणार पण नाही. फक्त त्या आठवड्यात मी भोपाळला आलो तर चालेल का सांग, यावेळी रिझर्वेशन आधी काढतो.