सगळ्याच औषधांना ‘सुट्टी’ देता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधांचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यात तोच घोळत राहिला. धोके आणि फायदे दोन्ही मांडलेत, याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे. पाच वर्षं झाली की औषधाला सुट्टी द्यायला हरकत नाही, हाडांत साठलेलं औषध पुढेही काम करत राहतं, असं लेखात म्हटलंय. आठवड्याच्या गोळीबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे. सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबच्या इंजेक्शनबद्दल ते साफ चूक आहे. लेखात मात्र गोळी, सलाइन, इंजेक्शन सगळं ‘हाडांची औषधं’ म्हणून एकत्रच आलंय. वाचणाऱ्या बाईने त्यातलं आपल्याला लागू काय आणि नाही काय, हे कसं ओळखायचं?

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, हेच इंजेक्शन चालू होतं. पाण्याची बादली उचलताना तिचा एक मणका दबला होता, तेव्हापासून. काही वर्षं सगळं सुरळीत चाललं, नवीन काही मोडलं नाही. मग दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘हे इंजेक्शन बंद करा, मगच दाढ काढतो, नाहीतर जबड्याचं हाड कुजेल.’ तिने बंद केलं. दाढ काढली, जखम भरायला वेळ लागला, म्हणून त्यापुढचं इंजेक्शनही राहिलं. ज्यांच्याकडे ती इंजेक्शन घ्यायची, तिथून कुणी विचारलं नाही की बाई आल्या का नाहीत. तिच्या कार्डावर फक्त पुढची तारीख लिहिलेली. ती चुकली तर काय होतं, यावर एक ओळ नाही.

पुढे एके सकाळी गादीखाली चादर खोचायला वाकली आणि पाठीत कळ आली. उसण भरली असेल म्हणून शेक झाला, मलम झालं. दुखणं हटेना तेव्हा एक्स-रे काढला. नवे तीन मणके बसले होते. पूर्वी घोट्याच्या वर राहणारा तिचा गाऊन आता जमिनीवर लोळतो आणि वरच्या फळीवरचा डबा तिला काढता येत नाही. यातलं काही टळलं असतं का, हे खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण इंजेक्शन थांबवण्याचा असा परिणाम होऊ शकतो, हे तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आणि डॉक्टरांना विचारते, म्हणून हे धीटपणे लिहिते आहे. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा दिलं जाणारं सलाइन हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. म्हणून ते थांबवलं तरी आधार एकदम जात नाही. पाच वर्षं अ‍ॅलेंड्रोनेट घेतलेल्या बायकांपैकी काहींचं चालू ठेवून आणि काहींचं थांबवून पुढची पाच वर्षं पाहिलं गेलं. मणक्याची लक्षात येण्याजोगी फ्रॅक्चर थांबवलेल्यांत ५.३ टक्के आणि चालू ठेवलेल्यांत २.४ टक्के होती. इतर हाडांत फरक दिसला नाही. म्हणजे गोळीची सुट्टीसुद्धा सगळ्यांना सारखी नाही, ज्यांचे मणके आधीच दबलेत त्यांनी जपूनच घ्यायची.

डेनोसुमॅब हाडात साठत नाही. त्याने हाड खाणाऱ्या पेशी दाबून धरलेल्या असतात. इंजेक्शनची वेळ टळली की त्या दुप्पट जोमाने कामाला लागतात आणि कमावलेली घनता एक-दोन वर्षांत निघून जाते. त्याच्या मोठ्या चाचणीतल्या बायकांचं पुढे काय झालं हे पाहिलं, तेव्हा मणक्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण औषध चालू असताना १०० जणींमागे वर्षाला १.२ होतं, ते बंद केल्यावर ७.१ झालं. ज्यांचे मणके मोडले, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचे एकापेक्षा अधिक मोडले. म्हणून हे इंजेक्शन थांबवायचंच असेल तर त्याच्या जागी गोळी किंवा सलाइन सुरू करावं लागतं. दाताचं कामही बहुतेक वेळा दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात बसवता येतं. त्यासाठी दातांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांनी एकमेकांना एक फोन करायचा असतो.

जबड्याबद्दलही लेखात घोटाळा आहे. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना हीच औषधं कितीतरी मोठ्या डोसमध्ये आणि वारंवार दिली जातात. जबड्याचा त्रास त्यांच्यात खरोखर बराच दिसतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या डोसमध्ये तो १० हजारांत एक ते लाखात एक, इतका क्वचित होतो. कर्करोगाचा आकडा उचलून आमच्यासमोर ठेवला की बाई घाबरून औषध टाकणारच.

आणि या गोळ्यांमुळे मांडीचं हाड मोडण्याचा धोका ‘४० पटींहून जास्त’ वाढतो, हे तर तुम्ही चौकटीत ठळक छापलंत. तो आकडा खोटा नाही, पण कोणाशी तुलना करून तो काढला हे छापलं नाहीत. आठ वर्षं किंवा अधिक गोळी घेतलेल्यांची तुलना तीन महिन्यांपेक्षा कमी घेतलेल्यांशी केल्यावर तो येतो. हा आकडा ज्या कॅलिफोर्नियातल्या, २०२० साली आलेल्या अभ्यासातला आहे, त्यात सुमारे १ लाख ९६ हजार स्त्रिया होत्या आणि असं फ्रॅक्चर झालं २७७ जणींना. तीन वर्षांच्या उपचाराचा त्यांचा हिशेब असा: १० हजार गोऱ्या स्त्रियांत खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची २ होतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांत ९१ टळतात आणि ८ होतात. आपल्यासारख्यांना धोका जास्त आहे, हे मला लपवायचं नाही, ते ठळक छापाच. पण टळलेली ९१ त्याच चौकटीत हवीत. मांडीत किंवा जांघेत आठवडेच्या आठवडे बारीक ठसठस राहिली तर लगेच दाखवा, हेही हवं, कारण हाड पुरतं मोडण्याआधी पुष्कळदा ही सूचना मिळते.

औषधाची बाजू घेणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. ‘खुब्याचं फ्रॅक्चर निम्म्यावर’ ही जाहिरातीची भाषा झाली. अ‍ॅलेंड्रोनेटच्या १९९६ च्या ज्या चाचणीतून ते आलं, तिथे मणका आधीच मोडलेल्या बायका होत्या. तीन वर्षांत खुबा मोडण्याचं प्रमाण २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आलं. म्हणजे साधारण ९० जणींनी तीन वर्षं गोळी घेतली तर एकीचा खुबा वाचतो. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली बाई ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना हा एक आकडा लहान वाटणार नाही. साठीच्या आत-बाहेरची, कधी काही न मोडलेली, टी-स्कोअर (हाडांच्या घनतेच्या तपासणीचा आकडा) जेमतेम कमी असलेली बाई मात्र वेगळं ठरवू शकते, आणि तो तिचा हक्क आहे. पण तिला खरे आकडे दिले तरच ती ठरवणार ना?

जाता जाता आणखी एक. लेखाच्या खालीच कॅल्शियमच्या पावडरीची अर्ध्या पानाची जाहिरात होती, ‘हाडं मजबूत, चिंता नको’. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या २००७ च्या चाचणीत दोन्ही गटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं जात होतं. नुसत्या त्याच्यावर असलेल्यांपैकी १०.९ टक्के जणींचे मणके तीन वर्षांत मोडले, औषधही घेतलेल्यांत ३.३ टक्के. कॅल्शियम लागतंच, पण मणका मोडलेल्या बाईला ते एकटं पुरत नाही. औषधाची भीती घालणारा लेख आणि त्याला चिकटून ही जाहिरात, हे एकाच पानावर यायला नको होतं.

डेनोसुमॅबबद्दलची दुरुस्ती पुढच्याच पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत छापावी. आतल्या पानावरच्या दोन ओळींनी भागणार नाही. इंजेक्शनची तारीख या महिन्यात असलेली एखादी वाचक तुमचा लेख कापून ठेवून बसली असेल.

आपली,
एक नियमित वाचक