ग्रीनलंडच्या तळ्यावर जळालेलं विमान आणि पेट्रोलची ती टाकी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बर्फात आणि जंगलात पडून राहिलेली जुनी लष्करी विमानं परत आणण्याबद्दलचा लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल खरंच आभार, मराठीत या गोष्टींवर कोण लिहितं? पण त्यात 'की बर्ड'ची गोष्ट चार ओळीत संपवलीय, एका हट्टी माणसाने खटाटोप केला आणि शेवटी विमान जळालं, बस्स. आमच्या रिटायर्ड लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी लेख टाकला तर तिथेही सगळ्यांचं तेच, पैसेवाल्यांचे चोचले म्हणे. मी एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होतो, वीस वर्षं हात ऑइलमध्ये होते, त्यामुळे मला हे काही पटलं नाही आणि म्हणून लिहितोय.

की बर्ड म्हणजे बी-२९, चार इंजिनांचं अवाढव्य बॉम्बर. 20 फेब्रुवारी 1947 ला अलास्कातल्या लॅड फील्डवरून उत्तर ध्रुवाकडे पाहणीला निघालं, परत येताना वाट चुकलं आणि पेट्रोल संपत आल्यावर ग्रीनलंडच्या उत्तरेला एका गोठलेल्या छोट्या तळ्यावर उतरवलं. आत 11 जण होते, सगळे सुखरूप, तीन दिवसांनी त्यांना दुसरं विमान येऊन घेऊन गेलं. की बर्ड तिथेच राहिलं. त्या कोरड्या थंडीत गंज जवळजवळ चढलाच नाही, आणि जवळपास 47 वर्षांनी डॅरिल ग्रीनामायर नावाचा एकेकाळचा टेस्ट पायलट, जो विमानांच्या शर्यतीतही नावाजलेला होता, तो माणसं घेऊन तिथे गेला. हेतू एकच, तिथेच दुरुस्त करायचं आणि तिथूनच उडवून ग्रीनलंडमधल्याच थुले या अमेरिकन लष्करी तळाच्या विमानतळावर आणायचं.

आता हे काम काय असतं ते लेखात आलंच नाही. 1994 च्या उन्हाळ्यात कॅरिबू नावाच्या जुन्या मालवाहू विमानातून चार इंजिनं, प्रोपेलर, टायर सगळं तिकडे नेलं. (कॅरिबू आपल्या एअरफोर्सकडेही होतं, उमेदवारीच्या काळात मी ते जवळून बघितलंय, दणकट गडी.) बी-२९ चं एकेक इंजिन 18 सिलिंडरचं, वजन टनापेक्षा जास्त. हँगरमध्ये ओव्हरहेड क्रेन असताना, चांगला उजेड असताना, चार माणसं हाताशी असतानासुद्धा इंजिन माउंटवर बसवताना बोल्ट भोकात सरळ जाईपर्यंत जीव टांगणीला लागतो. इथे वर आभाळ, खाली दगड, बोटं बधिर, हातातून नट सुटला तर तो शोधण्यात अर्धा तास जाणार. अशात त्यांनी जुनी चारही इंजिनं उतरवली आणि नवी चढवली. या कामाचा कणा होता रिक क्रीगे नावाचा मेकॅनिक. थंडी तोंडावर आली, त्याची तब्येत बिघडली, त्याला कॅनडात हॉस्पिटलला नेलं आणि तिथे काही दिवसांतच तो गेला, रक्ताची गुठळी झाली होती. लेखात त्याचं नावही नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात बाकीचे परत गेले, बुलडोझरने बर्फ सारून तळ्यावर धावपट्टी केली, चारही इंजिनं सुरू झाली. 21 मे 1995, विमान स्वतःच्या ताकदीवर हललं. आणि तिथेच घात झाला. शेपटीकडच्या भागात एक छोटं पेट्रोल इंजिन असतं, वीज द्यायला, मोठी इंजिनं चालू करायला. त्याला पेट्रोल पुरवायला या लोकांनी एक तात्पुरती टाकी बांधली होती. जुगाड. ती गळली, पेट्रोल आत सांडलं, आग लागली. माणसं बाहेर पडली पण विमान गेलं. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. अजूनही तो सांगाडा त्याच तळ्यात आहे.

मी हे लिहिताना हात थांबतो कारण अशी टाकी मी पाहिलीय. एका युनिटमध्ये ग्राउंड रनला, म्हणजे इंजिन जमिनीवरच चालवून तपासताना, आम्ही पेट्रोलचा कॅन स्टँडला तारेने बांधला होता, पाच मिनिटांचं तर काम आहे म्हणून. बांधलेली वस्तू हाताने हलवून बघितली की घट्टच वाटते हो, पण इंजिन फिरायला लागलं की थरथर सुरू होते आणि ती थरथर तार सैल करते, नळीची क्लिप सरकवते. आमची क्लिप सरकली. माझ्या जोडीदाराचा मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून घालतात ती तार, तिला दोन पीळ जास्त घालून काय होतं, असं तेव्हापासून मी कुणाला बोलू दिलं नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की ग्रीनामायरला वेडा म्हणू नका, त्याचा ध्यास खराच होता. चूक झाली ती विमान तिथूनच उडवत आणायच्या हट्टात. एवढ्या लांब, उन्हाळ्याचे मोजके दिवस, सामान मोजकं, बर्फ वितळायच्या आत निघायचं, अशा घाईत कुठलीतरी एक तात्पुरती गोष्ट राहूनच जाते. आधी घरी आणा, मग उडवा.

हे मी हवेत बोलत नाही, त्याच जातीच्या 'डॉक' या बी-२९ कडे बघा. कॅलिफोर्नियात चायना लेकच्या वाळवंटात नेमबाजीचं टार्गेट म्हणून पडलेलं विमान, टोनी माझोलिनी यांना 1987 मध्ये सापडलं. सरकारी परवानग्यांतच कितीतरी वर्षं गेली. मग सुटे भाग करून ट्रकवर घालून ते अमेरिकेतल्याच विचिटा शहरात नेलं, जिथे ते मुळात बनलं होतं, आणि तिथल्या शेकडो लोकांनी, त्यात बोइंगचे जुने कामगारही होते, पगार न घेता त्यावर काम केलं. 17 जुलै 2016 ला ते उडालं. आज जगात उडणारी बी-२९ दोनच आहेत, त्यातलं हे एक.

ग्रीनलंडचंच 'ग्लेशियर गर्ल' बघा. 15 जुलै 1942 ला सहा पी-३८ लढाऊ विमानं आणि दोन बी-१७ बॉम्बर खराब हवेमुळे बर्फावर उतरली, 25 च्या 25 माणसं वाचली, पण पुढे शोधायला गेले तेव्हा विमानं 80 मीटरच्या खाली गाडली गेली होती. गरम पाण्याच्या यंत्राने माणूस जेमतेम उतरेल एवढी विहीर वितळवली, तळाशी विमानाभोवती गुहा केली, आणि एक पी-३८, तेच ग्लेशियर गर्ल, तुकड्यातुकड्याने 1992 मध्ये वर काढलं. मग केंटकीतल्या एका हँगरमध्ये दहा वर्षं काम आणि 26 ऑक्टोबर 2002 ला उड्डाण. दहा वर्षं! तिथे बर्फ वितळायची भीती नव्हती, कुणी घड्याळ लावून बसलं नव्हतं.

ग्रुपवर एकाने मुद्दा काढला की कानपूरची लिबरेटर, म्हणजे बी-२४ बॉम्बर, तर जागेवर ठीक करून उडवत नेली होती. अगदी बरोबर. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी विमानतळावर टाकून दिलेली, मुद्दाम मोडतोड केलेली बी-२४ विमानं एचएएल या आपल्या विमान कारखान्याच्या लोकांनी उडण्यापुरती ठीक केली आणि तिथले पायलट जमशेद मुन्शी यांनी ती बंगलोरला नेली, तिथे नीट दुरुस्ती झाली, 1948 मध्ये आपल्या एअरफोर्सची बॉम्बर स्क्वाड्रन त्यावरच उभी राहिली आणि ती विमानं 1968 पर्यंत चालली. आज परदेशी म्युझियममध्ये जी मोजकी लिबरेटर आहेत त्यातली काही इथूनच गेलीत, याचा मला फार अभिमान आहे. पण कानपूरला पक्की धावपट्टी होती, एखादा भाग कमी पडला तर शेजारी तसंच दुसरं विमान उभं होतं, आज नाही जमलं तर उद्या करता येत होतं. ग्रीनलंडच्या तळ्यावर उद्या नव्हता.

अरुणाचलच्या डोंगरात 'हंप'वर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात हिमालयावरून चीनला सामान नेण्याच्या हवाई मार्गावर, पडलेल्या विमानांचा उल्लेख लेखात यायला हवा होता. तिथे माणसांचे जीव गेलेत, ते अवशेष म्हणजे स्पेअर पार्ट नव्हेत. पासीघाटला 2023 मध्ये त्यांचं म्युझियम झालं, तिथे ते जसे मिळाले तसे ठेवलेत, ते मला योग्यच वाटतं.

या विषयावर पुढे काही छापणार असाल तर एक विनंती. ज्याने पैसे उभे केले आणि जो कॉकपिटमध्ये बसला त्याचा फोटो जरूर छापा, पण बाजूला दोन ओळी रिक क्रीगेवर पण लिहा. ती चार इंजिनं चालू झाली तेव्हा आवाज ऐकायला तो नव्हता.

आपला नियमित वाचक,
निवृत्त इंजिन फिटर, ओझर (जि. नाशिक)