पुढच्या खोलीतला कापूस

ता. अमळनेर, जि. जळगाव

चि. बाळास बाबांचा सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद.

पगार वाढूनही मन स्वस्थ नाही, बरोबरीच्या मुलांनी पुण्यात दुसरे फ्लॅट घेतले आणि आपण मागे पडलो, असे तू कळवले आहेस. त्यावर काही लिहिण्यापूर्वी मला माझेच सांगितले पाहिजे.

2022च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला होता. म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतर गावात येऊन कापूस घेणारे खेडा खरेदीवाले नऊ हजारांच्या आसपास भाव सांगत असतानाही मी पुढच्या खोलीचे दार लावून घेतले. कापूस आढ्याला टेकला होता. तुझ्या बहिणीच्या अंगाला खाज सुटून पुरळ उठले, आई ओसरीत निजू लागली, आणि मी मात्र रोज सकाळी आधी मोबाईलवर भाव पाहून मग प्रार्थनेला बसत होतो. शेवटी मे महिन्यात, वजनातली घट सोसून, तो सात हजारांच्या घरात विकला. पैसे गेले त्याचे आता काही वाटत नाही. त्या सहा महिन्यांत घरात कोणाशी धड बोललो नाही, त्याचे अजून वाटते.

बायबलातल्या लूककृत शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायातला धनवान मनुष्य मला तेव्हा कळला. भावाकडून वाटणी मिळवून द्या, असे एकाने म्हटल्यावर प्रभू येशूने तो दाखला दिला, हे बांधावरून कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या मनुष्याने कोणाला लुबाडले नव्हते, त्याच्या जमिनीला पीक चांगले आले होते इतकेच; पण माझे पीक, माझी कोठारे, माझा माल यापलीकडे त्याच्या बोलण्यात दुसरे माणूसच येत नाही, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल द्रव्याच्या लोभाला सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ म्हणतो, द्रव्याला म्हणत नाही; म्हणूनच तो लोभ माझ्यासारख्या चार एकरवाल्याच्या घरातही शिरतो. हातपाय गाळून बसण्याला त्याने समाधान म्हटलेले नाही, कारण ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे थेस्सलनीकाकरांना बजावणारा पौलच आहे. आणि फिलिप्पैकरांना तो बंदिवासातून लिहितो की, आहे त्या स्थितीत तृप्त राहण्यास मी शिकलो आहे. ‘शिकलो’ या शब्दाने मला फार धीर येतो; एवढ्या मोठ्या प्रेषितालाही ते उपजत आले नव्हते.

राहण्यापुरते घर घेण्यास माझी ना नाही. दुसऱ्या फ्लॅटच्या कागदांवर सही करण्याआधी मात्र महिनाभर थांब, आणि हप्ते फेडताना उपासनेला, आजारी मित्राच्या उशाशी बसायला वेळ उरेल का, ते मांडून पाहा.

यंदाचा कापूस वेचणी होताच विकला आणि कापणीच्या सणाला पहिला वाटा मंडळीत दिला. पुढची खोली मोकळी आहे. आईने तुझा पलंग पुन्हा तिथे टाकला आहे.

तुझे बाबा