बाबा, ‘अनुमती द्या’ दाबण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला स्क्रीनचा फोटो पाहिला. थंडरबर्ड या मेलच्या ॲपमध्ये जीमेल जोडताना गूगलचं पान उघडलं आणि त्यावर आलं की हे ॲप तुमच्या सगळ्या मेल वाचेल, लिहील, पाठवेल आणि कायमच्या पुसूनही टाकेल. ते वाचून तुम्ही थांबलात, फार बरं केलंत.

मेलचं ॲप म्हटलं की वाचणं-पाठवणं आलंच. तुम्ही एखादी मेल कायमची काढायची म्हटलीत तर ती काढणारं तेच, म्हणून तीही परवानगी मागतं. थंडरबर्ड फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या लोकांचं आहे, कॉम्प्युटरवर कितीतरी वर्षं चालतंय, अँड्रॉइडवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. त्याला खुशाल हो म्हणा.

पूर्वी नुसता पासवर्ड टाकला की काम व्हायचं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तेव्हा पासवर्ड त्या ॲपच्याच हाती जायचा. गूगलने साध्या खात्यांसाठी ती पद्धत ३० मे २०२२ पासून बंद केली. आता पासवर्ड तुम्ही गूगलच्या पानावर टाकता आणि गूगल त्या ॲपला एक टोकन, म्हणजे परवानगीची चिठ्ठीच, देतं, तेवढ्यावर त्याचं काम चालतं. नारळ पाडायला पाडेली आला की आपण बेडं उघडून त्याला आगरात घेतो, कपाटाची किल्ली थोडीच देतो!

आता पान खरंच गूगलचं आहे ना, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. पासवर्ड टाकण्याआधी वरच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता वाचा. अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम, आणि त्याला लागूनच तिरकी रेघ. ‘कॉम’च्या पुढे आणखी टिंब नि शब्द दिसले, किंवा गूगलच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे वाटलं, तर तिथूनच मागे फिरा. मला फोन करा, मी ऑफिसात असले तरी चालेल. आणि मोबाइलवर आलेला कोड कुणीही फोन करून विचारला तरी सांगायचा नाही, अगदी गूगलमधून बोलतोय म्हणाला तरी.

मी इतकं बजावून सांगते कारण तुमचं सगळं त्या एका मेलवर आहे. विम्याच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंटं, मुंबई-पुण्याहून येणाऱ्या आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी. शिवाय कुठल्याही खात्याचा पासवर्ड विसरला की नवा करायची लिंक बहुतेक वेळा तिथेच येते. मेल परक्याच्या हाती पडली तर बाकीची खातीही तो उघडू शकतो.

पुढे थंडरबर्ड फोनमधले संपर्क मागेल. दिलेत तर मेल लिहिताना ‘टू’च्या (कुणाला पाठवायची त्या) रकान्यात दोन अक्षरं टाकली की नाव पुढे येतं, नाही दिलेत तरी अडत नाही. नोटिफिकेशनला मात्र हो म्हणा, नाहीतर ऑर्डर आलेली संध्याकाळी कळायची.

आई, तुझ्या त्या पंचांगाच्या ॲपने मेल वाचायची परवानगी मागितली म्हणालीस. तिथी सांगायला त्याला तुझी मेल कशाला हवी? सरळ नाही म्हण. त्यावाचून चालतच नसेल तर ते ॲप काढून टाक, कालनिर्णय आहेच भिंतीवर.

आणखी एक, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ॲप फोनवरून काढलं तरी गूगलकडे दिलेली परवानगी तशीच राहते. ती काढायला गूगल खात्यात ‘सुरक्षा’मध्ये जायचं, तिथे बाहेरच्या ॲप्सची यादी असते. नको त्या नावावर दाबून जोडणी काढून टाकायची. बाबा, तुमच्या यादीत जुनी एक-दोन नक्की निघतील. ओळखीचं वाटलं नाही तर मला विचारा, मग काढा.

पडवीत रेंज जाते, तेव्हा माडीवर बसून करा. जमलं की थंडरबर्डमधूनच मला एक ओळ पाठवा, आणि यंदा मोहोर कसा आहे तेही लिहा.

तुमची,
लेक